सवंगडी : ब्रिटिश वास्तववादी चित्रपटांतील बालपण

इ. स. १८२४ च्या आरंभीं लंडन शहरांत, थेम्स नदीच्या कांठीं हंगरफर्ड घाटाजवळच्या एका पडक्या, उंदरांनीं बुजबुजलेल्या इमारतींत बारा वर्षांचा एक मुलगा कामास लागला. बुटांना लावण्याच्या काळ्या रोगणाच्या बाटल्यांना कागद बांधावयाचे व त्यांवर चिठ्ठ्या चिकटवावयाच्या, हें त्याचें काम. थोड्याच दिवसांत त्याचा बाप कर्जापायीं तुरुंगांत पडला. हा मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेला कादंबरीकार चार्ल्स डिकन्स. त्या कारखान्यांत बॉब फेगिन नांवाचा एक अनाथ मुलगा होता. बाटलीला दोरी कशी बांधावी हें डिकन्सला त्यानेंच दाखविलें. एके दिवशीं डिकन्सच्या कुशींत कळ उठली, तेव्हां रिकाम्या बाटल्यांत ऊन पाणी भरून बॉबनें अर्धा दिवस त्याची कूस शेकली, आणि संध्याकाळीं त्याला घरीं पोंचविल्यावांचून तो माघारी जाईना. आपला बाप तुरुंगांत आहे हें या सवंगड्याला कळूं नये म्हणून डिकन्सनें भलत्याच एका घराच्या पायरीवर त्याचा निरोप घेतला. ही हकीकत त्यानें जन्मभर जगापासून लपविली. त्याच्या मृत्यूनंतर फॉर्स्टरकृत चरित्रांत ती प्रथम उघड झाली. परंतु ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या कादंबरींत चोरट्या पोरांच्या म्होरक्याला त्यानें जें नांव दिलें तें फेगिन हेंच!

ज्यानें कूस शेकली त्याचें नांव खलपुरुषाला कां दिलें, याचा उलगडा टीकाकारांनीं नाना प्रकारें केला आहे. आमच्या मतें भीति बॉबच्या दुष्टपणाची नव्हती, त्याच्या चांगुलपणाची होती. ती माया एकदां मनापासून स्वीकारली कीं आपण त्याच्यांतलेच झालों, आणि मग या कारखान्यांतून सुटका नाहीं, असें त्या मुलाला वाटलें असावें. पांढरपेशा मुलाला गरिबीपेक्षां गरीब मित्राची लाज अधिक वाटते.

गरीब मुलाच्या गोष्टीचा जो सांचा डिकन्सनें पाडला त्यांत शेवटीं ब्राउनलोसारखा कोणी सधन, दयाळू गृहस्थ येतो व मुलाचा हात धरून त्याला उजेडांत नेतो. मागें राहिलेल्या सोबत्यांचें काय झालें हें विचारण्याचें भान वाचकास राहात नाहीं. वास्तविक चलाख डॉजर हद्दपार होतो आणि अनाथालयांतला डिक मरून जातो. डेव्हिड लीननें १९४८ सालीं याच कादंबरीवर काढलेला बोलपटहि ऑलिव्हरला ब्राउनलोच्या घरीं पोंचवूनच संपतो. ब्रिटनमध्यें सामाजिक वास्तववादी म्हणून जी चित्रपटपरंपरा वाढली तिनें हा ब्राउनलो कथेंतून काढून टाकला. तो गेल्यावर मुलापाशीं उरतें काय? सवंगडी, असें उत्तर सहज सुचतें. पण त्या सवंगड्यापर्यंत पोंचण्यास या परंपरेला जवळ जवळ ऐंशी वर्षें लागलीं, आणि तो प्रवास सरळ नाहीं.

या परंपरेचा मूळ पुरुष जॉन ग्रीअरसन. हेरिंग मासे धरणाऱ्या कोळ्यांवरील त्याचा ‘ड्रिफ्टर्स’ हा अनुबोधपट १९२९ चा. पुढें त्याच्या परिवारांतील आर्थर एल्टन व एडगर ॲन्स्टी यांनीं १९३५ सालीं लंडनच्या स्टेपनी भागांतील गलिच्छ वस्तीवर ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा लहानसा पट काढला. त्यांत भाडेकरू स्वतः कॅमेऱ्याकडे तोंड करून आपल्या खोल्यांतील ओल, ढेकूण व उंदीर यांचें वर्णन करतात. त्या काळीं ही गोष्ट अपूर्व होती. त्याचा खर्च गॅस-व्यवसायानें उचलला होता, कारण नव्या इमारती उठल्या कीं त्यांत चुली गॅसच्या येणार! पण ही परोपकारामागची दुकानदारी सोडून दिली तरी आमच्या विषयाच्या दृष्टीनें एक उणीव राहतेच. या पटांत मुलांविषयीं बोलतात तीं मोठीं माणसें. मूल हा तेथें वस्तीच्या दुःस्थितीचा पुरावा आहे. त्याला मित्र असतो, त्याला कांहीं गंमत वाटते, ही कल्पना अजून कोणाला सुचलेली नाहीं.

ती गंमत युद्धानंतर आली, आणि आली ती ढिगाऱ्यांतून. ईलिंग स्टुडिओचा ‘ह्यू अँड क्राय’ हा चित्रपट १९४७ चा; दिग्दर्शक चार्ल्स क्रिक्टन. मुलांच्या एका साप्ताहिकांतील साहसकथेंत चोरांची टोळी आपले सांकेतिक निरोप घालीत असते, आणि ही गोष्ट कामकरी वर्गांतील कांहीं पोरांच्या ध्यानांत येते. कथानक सारें पोरखेळाचें आहे, आणि त्याला वास्तववादी म्हणावयास कोणी धजणार नाहीं. पण चित्रपट घेतला तो जर्मन बॉम्बनीं उध्वस्त झालेल्या खऱ्या लंडनमध्यें. शेवटीं शहराच्या कानाकोपऱ्यांतून शेंकडों मुलें धांवत येऊन त्या भग्न भिंतींवरून चोरांवर तुटून पडतात. घरें पडलीं आहेत, पण पोरांचें राज्य अखंड आहे, असा तो देखावा आहे. युद्धांत सर्वांनीं मिळून सोसलें, त्या सोसण्याची ऊब तेथें शिल्लक आहे. इतक्या मुलांची इतकी एकजूट ब्रिटिश पडद्यावर पुन्हा क्वचितच दिसली.

ती किती लवकर ओसरली हें पाहावयाचें असेल तर लोरेन्झा माझेट्टी या इटालियन तरुणीचा ‘टुगेदर’ पाहावा. लिंडसे अँडरसन, कारेल राइश, टोनी रिचर्डसन प्रभृति तरुणांनीं ‘फ्री सिनेमा’ या नांवाखालीं १९५६ च्या फेब्रुवारींत लंडनमध्यें जो पहिला कार्यक्रम केला त्यांत हा चित्रपट होता. गोदीवर काम करणारे दोन मुके-बहिरे मित्र हे त्याचे नायक. वस्तीचीं मुलें त्यांच्या पाठीमागें लागतात, वेडावतात, आणि अखेर त्यांतील एकाला पुलावरून नदींत ढकलतात. खेळ म्हणूनच. ढिगारे तेच, मुलेंहि तींच. परंतु एकजूट आतां दुबळ्यावर उलटली आहे. गरीब मूल निष्पाप असतें ही डिकन्सची समजूत माझेट्टीनें अवघ्या पाऊण तासांत मोडीत काढली.

यानंतरच्या सहा-सात वर्षांत नांवाजलेले चित्रपट पुष्कळ झाले. रिचर्डसनचा ‘ए टेस्ट ऑफ हनी’ व ब्रायन फोर्ब्सचा ‘व्हिसल डाउन द विंड’ हे दोन्ही १९६१ चे, आणि रिचर्डसनचाच ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ १९६२ चा. त्यांत ठिकठिकाणीं मुलें आहेत, पण पहिल्या व तिसऱ्या चित्रपटाचें लक्ष तारुण्याकडे आहे, आणि दुसऱ्यांतील लँकेशायरचीं मुलें कितीहि गोड असलीं तरी त्यांच्या गोष्टीला दृष्टान्तकथेचा वास येतो. म्हणून तेथें न थांबतां आपण १९६९ कडे वळूं.

बॅरी हाइन्स हा यॉर्कशायरमधील बार्न्सलीजवळच्या खाण-वस्तींतला. कांहीं काळ तो शाळेंत व्यायामशिक्षक होता. त्याची ‘ए केस्ट्रल फॉर ए नेव्ह’ ही कादंबरी १९६८ मध्यें निघाली, व पुढच्याच वर्षीं केन लोच यानें तीवरून ‘केस’ हा चित्रपट केला. कोणत्या दर्जाच्या माणसानें कोणता शिकारी पक्षी बाळगावा याची मध्ययुगीन इंग्लंडांत एक उतरंड सांगत असत : बादशहाला गरुड, आणि अगदीं तळाच्या चाकराला केस्ट्रल हा लहान ससाणा. नांवाचा उगम तोच. नायक बिली कॅस्पर चौदा-पंधरा वर्षांचा आहे. बाप घर सोडून गेलेला. आई आपल्या विवंचनेंत. थोरला भाऊ जड कोळशाच्या खाणींत काम करतो व रात्रीं बिलीबरोबर एकाच बिछान्यांत निजतो. बिली पहांटे वर्तमानपत्रें टाकतो, शाळेंत डुलक्या घेतो, आणि पडक्या भिंतींतून पकडून आणलेल्या ससाण्याला शेताच्या कडेला शिकवितो. ग्रंथालय पुस्तक देईना, म्हणून ससाणे पाळण्याच्या विद्येवरचें पुस्तक त्यानें दुकानांतून चोरलें आहे. वाचावयास नको असलेला मुलगा पुस्तक चोरतो, ही गोष्ट लेखकानें मुद्दाम ठसविलेली नाहीं, म्हणूनच ती मनांत राहते.

या बिलीला मित्र नाहीं. बालपणावरील ब्रिटिश चित्रपटांत जो सर्वांत थोर गणला जातो त्यांत मुलाला एकहि सवंगडी नसावा, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. पण शाळेकडे पाहिलें म्हणजे उलगडा होतो. १९४४ च्या शिक्षण-कायद्यानंतर इंग्लंडांत अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन मुलांची वांटणी करीत : थोडीं ग्रामर स्कुलांत, बहुतेक सेकंडरी मॉडर्न शाळेंत. पंधराव्या वर्षीं शाळा सुटे, आणि बार्न्सलीसारख्या गांवीं शाळेची वाट खाणीकडेच जाई. बिलीच्या वर्गांतले सारे या वांटणींत खालीं पडलेले. समान दुःखानें माणसें एकत्र येतात असें आपण ऐकतों. लोच दाखवितो तें उलट आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर छडी खाण्यासाठीं मुलें उभीं आहेत. तेवढ्यांत एक अगदीं लहान मुलगा कोणाचा तरी निरोप घेऊन तेथें येतो. मोठीं मुलें आपल्या सिगारेटी त्याच्या खिशांत कोंबतात, आणि तो बिचारा ओरडून सांगत असतांहि छडी खातो. व्यायामशिक्षक बिलीला थंड पाण्याखालीं उभा करतो. जडला खाणीनें पिळलें आहे, तो बिलीला पिळतो. बिलीनें शर्यतीवर पैसे न लावतां ते खर्चून टाकले, आणि घोडे नेमके जिंकले, म्हणून शेवटीं तो ससाण्याची मान मुरगाळतो. अपमान वरून खालीं घरंगळत येतो आणि ज्याच्या खालीं कोणी नाहीं त्याच्यापाशीं थांबतो. अशा उतरंडींत शेजारच्या पायरीवरचा मुलगा मित्र कसा होणार?

एकच क्षण याला अपवाद आहे. फार्दिंग नांवाचे शिक्षक बिलीला वर्गापुढें उभें करून ससाण्याविषयीं बोलावयास लावतात. तो अडखळत सुरुवात करतो, मग पायाच्या दोऱ्या, मांसाचा तुकडा, पहिलें मोकळें उड्डाण असें सांगत जातो, आणि आतांपर्यंत त्याला टोचणारीं तींच मुलें ऐकत राहतात. येथें कॅमेरामन ख्रिस मेंजिस यानें फारशी हालचाल केलेली नाहीं. तोहि ऐकतो आहे असें वाटतें. त्या चार-पांच मिनिटांत बिलीला अख्खा वर्ग सोबती मिळतो, आणि घंटा झाली कीं तो पांगतो.

लोचची पद्धत अशी कीं, नट शक्यतों गांवचेच घ्यावयाचे. बिलीचें काम करणारा डेव्हिड ब्रॅडली हा बार्न्सलीच्या खाणकामगाराचा मुलगा होता. यामुळें बोली इतकी अस्सल उतरली कीं दक्षिणेकडच्यांना ती कळेल कीं नाहीं या शंकेनें चित्रपट प्रथम उत्तरेकडच्या चित्रगृहांतच लावला. पण छडीच्या प्रसंगांत मुलांना मार खराच बसला, आणि त्या लहानग्याच्या डोळ्यांतलें पाणी खरें होतें, असें सांगतात. हें आम्हांस पटत नाहीं. शाळेनें मुलाला फसवून मारलें हें अन्याय म्हणून दाखवावयाचें, आणि त्यासाठीं मुलाला फसवून मारावयाचें, यांत कलेचा लाभ असेलहि, परंतु त्या मुलाच्या दृष्टीनें मुख्याध्यापक आणि दिग्दर्शक यांत फरक कोणता? इंग्लंडच्या सरकारी शाळांतून छडी कायद्यानें गेली ती १९८७ सालीं.

‘केस’नंतर तीनच वर्षांनीं एका स्कॉटिश माणसानें याच दुःखाकडे अगदीं निराळ्या रीतीनें पाहिलें. बिल डग्लस (१९३४–१९९१) हा एडिंबरोजवळच्या न्यूक्रेगहॉल या खाणीच्या गांवीं आजीपाशीं वाढला. ‘माय चाइल्डहुड’ (१९७२), ‘माय एन फोक’ (१९७३) व ‘माय वे होम’ (१९७८) या त्याच्या तीन कृष्णधवल चित्रपटांत त्याचेंच बालपण आहे. तिन्ही मिळून तीन तासहि भरत नाहींत. बोलणें अत्यंत थोडें. संगीत जवळ जवळ नाहींच. लोच आपल्याला मुलाच्या मागोमाग चालवितो, तर डग्लस एकेका चित्रापुढें उभें करून निघून जातो. पहिल्या भागांत जेमी हा मुलगा कपांत कढत पाणी ओततो, तें लगेच फेंकून देतो, आणि तो तापलेला रिकामा कप म्हाताऱ्या आजीच्या गारठलेल्या हातांत देऊन वरून तिचीं बोटें मिटतो. घरांत द्यावयास दुसरें कांहीं नाहीं, म्हणून नुसती ऊब. बॉब फेगिनच्या बाटलींतलें ऊन पाणी येथें दीडशें वर्षांनीं पुन्हा भेटतें. मात्र या वेळीं तें लपवावें असें कोणास वाटत नाहीं.

जेमीचा मित्र कोण? शेतांत कामास लावलेला हेल्मुट नांवाचा जर्मन युद्धकैदी. काळ १९४५ चा. गांवाच्या दृष्टीनें शत्रु, आणि जेमीच्या लेखीं ज्याच्या अंगाखांद्यावर बसतां येतें असा एकमेव मोठा माणूस. चित्रांच्या पुस्तकावरून जेमी त्याला इंग्रजी शब्द शिकवितो. युद्ध संपतें, सगळीकडे आनंद होतो, आणि हेल्मुट जातो. जगाला जें सुख वाटलें त्यानेंच या मुलाचा मित्र नेला. राष्ट्राच्या इतिहासाचें आणि मुलाच्या इतिहासाचें पंचांग एक नसतें, हें इतक्या थोड्या साधनांत दुसऱ्या कोणीं दाखविलेलें आम्हांस माहीत नाहीं. शेवटच्या भागांत जेमीला ईजिप्तच्या वाळवंटांतील विमानदळाच्या छावणींत रॉबर्ट हा शिकलेला, पुस्तकांचा नाद असलेला तरुण भेटतो. पीटर ज्यूएल हें त्याचें मूळ. डग्लस व ज्यूएल यांची मैत्री जन्मभर टिकली; दोघांनीं मिळून चित्रपटविषयक जुन्या वस्तूंचा जो प्रचंड संग्रह केला तो एक्झिटर विद्यापीठांत डग्लसच्या नांवाच्या संग्रहालयांत आहे. रॉबर्ट हा ब्राउनलो नव्हे. तो जेमीला उचलून नेत नाहीं, त्याच्याशेजारीं बसतो.

लिन रॅम्से हिचा ‘रॅटकॅचर’ (१९९९) ग्लासगोंतला. काळ १९७३, सफाई-कामगारांचा संप चालू आहे आणि वस्तींत कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे ढीग सांचले आहेत. कालव्याच्या चिखलांत दोन मुलांची झोंबाझोंबी चालते. जेम्स ढकलतो, रायन बुडतो, जेम्स पळून जातो. मैत्रीचा प्रारंभच अपराधानें झाला आहे, आणि तो अपराध सांगावयास कोणी नाहीं. रायनसाठीं घेतलेले बूट त्याची आई जेम्सला देते, तेव्हां त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहवत नाहीं. पुढें केनी नांवाचा दुसरा मुलगा त्याच कालव्यांत पडतो. त्याला जेम्सचा बाप वांचवितो आणि त्याबद्दल पदक मिळवितो! जेम्सचें मन रमतें तें मार्गारेट ॲन या थोड्या मोठ्या मुलीपाशीं. वस्तींतलीं टवाळ पोरें तिच्या शरीराचा वापर करतात, जेम्स तिच्या केसांतल्या उवा काढतो. बसनें शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन अर्धवट बांधलेल्या नव्या घराच्या बिनकांचेच्या खिडकींतून तो समोरच्या पिकांत उडी घेतो, तो प्रसंग वारंवार वाखाणला गेला आहे. आम्हांस मात्र ती उवा काढण्याची माया अधिक मोलाची वाटते.

लोचचा ‘स्वीट सिक्स्टीन’ (२००२) आणि शेन मेडोजचे ‘ए रूम फॉर रोमिओ ब्रास’ (१९९९) व ‘धिस इज इंग्लंड’ (२००६) यांचा केवळ उल्लेख करून पुढें जातों. तिन्हींत बाल-किशोरांची मैत्री आहे, आणि मेडोजच्या दोहोंत ती बाहेरून आलेल्या एका जहाल मोठ्या माणसाच्या हातीं सांपडते. आमच्या विषयाचें टोंक क्लिओ बर्नार्ड हिच्या ‘द सेल्फिश जायंट’ (२०१३) मध्यें आहे.

नांव ऑस्कर वाइल्डच्या १८८८ सालच्या परीकथेचें. बागेला भिंत घालून मुलांना हाकलणाऱ्या राक्षसाची ती गोष्ट. चित्रपटांत बाग नाहीं. ब्रॅडफर्ड शहर आहे. एके काळीं जगाची लोकर तेथें विणली जाई. गिरण्या गेल्या. आर्बर आणि स्विफ्टी हीं तेरा वर्षांच्या आसपासचीं मुलें भंगार वेंचतात. आर्बर लहानखुरा, चिडका, एका जागीं न ठरणारा. स्विफ्टी अंगानें मोठा, सौम्य, घोड्यांचा वेडा. चित्रपट उघडतो तो पलंगाखालीं : आर्बर संतापानें आंत शिरून बसला आहे आणि स्विफ्टीचा हात त्याचा हात धरून त्याला शांत करतो आहे. शाळेंत स्विफ्टीला कोणी छळतें, आर्बर मध्यें पडतो, आणि शेवटीं आर्बरला शाळा कायमची बंद होते. त्याला त्याचें दुःख नाहीं. भंगारवाला किटन याच्याकडून घोडा-गाडी भाड्यानें घेऊन दोघे धंद्याला लागतात. तांब्याच्या तारा मिळाल्या तर उत्तम. वरचें आवरण जाळून तांबें विकावयाचें. बिली कॅस्परला ज्या खाणीचें भय वाटे तीहि आतां उरली नाहीं. यॉर्कशायरची केलिंगली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसा-खाण डिसेंबर २०१५ मध्यें बंद झाली. आजोबांनीं जें यंत्र चालविलें त्याचे तुकडे नातू वजनावर विकतो. चोरीच्या तारांचा व्यापार इतका वाढला होता कीं भंगाराचे पैसे रोख देण्यास २०१२ च्या अखेरीस इंग्लंडांत कायद्यानें बंदी झाली.

येथें मैत्री आणि मजुरी एकच झाल्या आहेत. हीं मुलें खेळतांना भेटत नाहींत, कमावतांना भेटतात. आर्बरला पैसे हवेत ते आईच्या कर्जासाठीं, स्विफ्टीच्या घरीं तर बसावयाची कोचहि विकली जाते. जुन्या कथेंत पोरांना कामास लावणारा म्हातारा फेगिन दुष्ट म्हणून सुटका होई. किटन तितका दुष्ट नाहीं; तो ठगवितो, धमकावतो, पण स्विफ्टीचा घोड्यावरचा हात पाहून त्याला मनापासून जवळ करतो, आणि नेमका तेथेंच आर्बरला मत्सर होतो. त्या मत्सरांतून चोरी, चोरींतून नुकसानभरपाई, आणि भरपाईसाठीं जमिनींत पुरलेली विजेची जिवंत तार. काम आर्बरवर आलें होतें. स्विफ्टी त्याला एकट्याला जाऊं देत नाहीं, एवढाच त्याचा गुन्हा. तार स्विफ्टीच्या हातांत येते.

मित्रासाठीं प्राण देणें हा विषय एरवीं भाषणाचा. बर्नार्डनें तो एका क्षणांत उरकला आहे. प्रेक्षकाला रडण्यास सवड दिलेली नाहीं. किटन पोलिसांपुढें सारा दोष आपल्या माथीं घेतो. आर्बर स्विफ्टीच्या घराबाहेर बसून राहतो. त्याला हाकलतात, तरी तो उठत नाहीं. ज्यानें आपला मुलगा नेला त्याला दारांत पाहून त्या आईला काय वाटलें असेल तें चित्रपट बोलून दाखवीत नाहीं. ती कांहीं काळानें बाहेर येते आणि त्या मुलाला मिठी मारते. पुढें आर्बर तबेल्यांत दिसतो. घोड्याजवळ जावयास तो पूर्वीं कधीं धजत नसे. आतां तो त्याच्या अंगाला खरारा करतो आहे, हळू हळू, स्विफ्टी करीत असे तसा.